काठावर उभी कानबाई

गिरधर पाटील नेमकं काय काम करतो, हे बुऱ्हाणपुरात कुणालाच धड सांगता येत नसे. तो गात नव्हता, वाजवत नव्हता, बिघडलेलं मशीन दुरुस्तही करत नव्हता. शनवाऱ्याच्या वेशीजवळचं ग्रामोफोनचं दुकान वामनशेटचं होतं. गिरधर होता कंपनीचा माणूस. मुंबईच्या एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्याला निमाड आणि पूर्व खानदेशासाठी प्रचारक नेमलं होतं. ज्या वस्तूवाचून सात पिढ्यांचं काही अडलं नाही, तिच्यावाचून आता पदोपदी कसं अडतंय हे लोकांना पटवून द्यायचं, ते प्रचारकाचं काम. हे काम गिरधरला झकास जमे. तापीकाठच्या केळी-कापसाच्या घरातला हा मॅट्रिक झालेला मुलगा कोट घालून बाजारात उभा राहिला, की बोलण्यात भल्याभल्यांना गुंडाळून ठेवी.

साल पस्तीसच्या दिवाळीनंतर कंपनीचं पत्र आलं. नाटकातली पदं सगळेच विकतात, तुमच्या भागातलं काही नवं पाठवा, बायकांची गाणी असली तर उत्तम, माल चांगला निघाला तर मुंबईच्या कचेरीत तुमचा विचार होईल. शेवटचं वाक्य गिरधरने चारदा वाचलं आणि त्याच दुपारी शाहपूरच्या वाटेवरचं आपलं गाव गाठलं.

गावात त्याची आत्या होती, धुरपदाबाई. बाराव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून ती माहेरीच होती. तिला मान असा वर्षातून एकदाच मिळे. श्रावणातल्या एका रविवारी घरोघर कानबाई बसते, नारळाला नथ-डोळे लावून, साडी नेसवून देवी मांडतात. तेव्हा तिचं गाणं पुढे होऊन म्हणायचा हक्क पंचक्रोशीत धुरपदाबाईचा. बाकीच्या बाया फक्त मागून ओढायच्या. ते गाणं चांगलं तासभर चाले. त्यात कानबाई माहेरी निघायची तयारी करते, वाट चालते, तापीच्या काठाशी येते, नावाड्याला हाक मारते, पलीकडे उतरते, उंबरा ओलांडते आणि पाटावर बसते. मग आरती.

गिरधरने सगळं समजावून सांगितलं तेव्हा आत्या गहू निवडत होती.

"मशीन पूरं म्हनंल का रे?" तिने विचारलं.

"म्हणेल की."

"तसं नही. अर्धं म्हनता येत नही ते. देवीले बोलावलं त घरात आनून बसवा लागते. मंधातच थांबलं त ते काठावरच उभी राह्यते. ना मांगे जाता येत तिले, ना पुढे."

"आत्या, एका रेकॉर्डवर नाही मावलं तर दोन काढतील, चार काढतील. मी बोललोय ना कंपनीशी."

तो कंपनीशी काहीही बोललेला नव्हता. पण खोटं बोलतोय असंही त्याला वाटलं नाही, कारण विकणाऱ्याच्या जिभेला हाड नसतं आणि गिरधरची जीभ तर कंपनीने पगार देऊन ठेवलेली होती.

माघात तो तिला मुंबईला घेऊन गेला. भिंतींना गोधड्या लावलेली एक खोली, मध्ये एक जाळीचा डबा. लाल दिवा लागला की म्हणायचं, विझला की थांबायचं, एवढंच तिला सांगितलं होतं. एका बाजूची तीन मिनिटं झाली, तबकडी बदलली, दुसऱ्या बाजूचीही तीन मिनिटं झाली. कानबाई तापीच्या काठाशी आली, तिने नावाड्याला हाक मारली आणि दिवा विझला. साहेब लोक खूश होऊन चहाला निघून गेले. पण धुरपदाबाई थांबली नाही. त्या रिकाम्या खोलीत, विझलेल्या दिव्यापुढे हात जोडून तिने नाव आणली, देवीला उतरवलं, उंबरा ओलांडला, पाटावर बसवलं आणि मगच डोळे उघडले. गिरधर बाहेर कागदावर सही करत होता.

"झालं पूरं," ती बाहेर येऊन म्हणाली. "चांगलं झालं. आता चाल गावाले."

मशीनने सगळं घेतलं असं तिला वाटलं. दिवा विझला की मशीनही थांबतं हे तिला कुणी सांगितलं नाही, कारण तिला सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

जेठात रेकॉर्ड आली. वर निळा कागद, त्यावर सोनेरी अक्षरं: ‘कानबाईचे गीत. सौ. धुरपदाबाई. संपूर्ण.’ विधवेला सौभाग्यवती कंपनीने केलं होतं. ‘संपूर्ण’ हा शब्द मात्र गिरधरचा. अर्धवट माल कोण घेणार? आणि जाहिरातीची ओळही त्याचीच: ‘गाणारणीची वाट कशाला पाहता? कानबाई आता आपल्या घरी, हवी तेव्हा.’ ही ओळ त्याने शाहपूरच्या बाजारापासून रावेरपर्यंत भिंती-भिंतींवर रंगवून घेतली.

आत्याला त्याने दुकानात आणून ऐकवलं. वामनशेटने खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. स्वतःचा आवाज ऐकून आधी ती लाजली, मग चार बायांकडे बघून हसली. रेकॉर्ड उलटली. देवी काठाशी आली, हाक मारली. सुई नुसतीच खरखरली. वामनशेटने ती उचलली.

"पुढचं लाव न भाऊ," आत्या म्हणाली.

"पुढचं नाही. एवढंच."

तिने मशीनच्या मागे वाकून पाहिलं. मग गिरधरकडे पाहिलं.

"येतेय दुसरी," गिरधर म्हणाला. "महिन्याभरात."

या खेपेला मात्र त्याने खरोखर पत्र टाकलं, एवढं त्याच्या बाजूने म्हणायला हवं. उत्तर आलं: गाणं चालतंय, मग त्याच गाण्याचा उरलेला भाग काढून नफा कसला? ज्याच्याकडे पहिली नाही तो दुसरी घेणार नाही आणि ज्याच्याकडे पहिली आहे त्याला पुरे झालं आहे. धंद्याच्या दृष्टीने उत्तर बिनतोड होतं. गिरधरने ते घडी करून खिशात घातलं आणि आत्याला पुन्हा सांगितलं, महिन्याभरात.

श्रावण आला. पाहुणी गाणारीण बोलवायची म्हणजे तिला गाडी पाठवा, तिचा मान करा, ती येईपर्यंत ताटकळा. यंदा ज्यांच्याकडे मशीन होतं त्यांनी ही सगळी कटकट वाचवली, आणि ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी शेजारचं आणलं. धुरपदाबाईला त्या रविवारी एकाही घरचं बोलावणं आलं नाही. तरी ती निघाली. ज्या घरातून तिचाच आवाज ऐकू येई त्या घराच्या ओट्याशी ती उभी राही, आणि रेकॉर्ड थांबली की तिथून पुढचं म्हणे. पहिल्या दोन-तीन घरांनी तिला आत घेतलं. पुढच्या घरांना आरतीची घाई होती. सरुबाई पाटलीण तर तोंडावर म्हणाली, "धुरपदा, मशीनसंगं शर्यत लावू राह्यली का वं?" बाया हसल्या. धुरपदाबाईने गाणं मध्ये तोडलं नाही. सोमवारी देव्या विसर्जनाला तापीत गेल्या तेव्हा तिचा गळा बसला होता आणि सात घरं राहून गेली होती. ती सात घरं तिने गिरधरला नावानिशी सांगितली.

ही हकीकत गिरधरने गंमत म्हणून कंपनीला लिहिली, आणि तिथेच घात झाला. मोठे साहेब श्रावण सरायच्या आतच जातीने बुऱ्हाणपुरात उतरले. त्यांनी दुकानासमोर, गिरधरने बोलावून आणलेल्या आत्याला पाहिलं, रेकॉर्ड थांबल्यावर तिला गाताना ऐकलं, रस्त्यात थबकलेली माणसं पाहिली आणि गिरधरच्या पाठीवर थाप मारली.

"इसको रोज बिठाओ," साहेब म्हणाले. "रेकॉर्ड बंद, तो बाई चालू. भीड देखा? मुंबईचं तुझं पक्कं समज."

आता आत्याला रोज शनवाऱ्यात कसं आणायचं? श्रावण सरल्यावर ती हे गाणं तोंडातून काढत नसे. "पाट मांडला नही, निवदाचा रोट केला नही, त कशाले बोलवायचं तिले?" ती म्हणाली. गिरधरकडे उत्तर तयार होतं.

"आत्या, लोक आता बारा महिने लावणार. आपल्या हातात आहे का ते? पण तू दुकानात बसून पूर्ण केलंस, की त्या दिवशी जिथे जिथे वाजलं तिथलं सगळं पूर्ण झालं. कंपनीच्या मशीनचं तसंच असतं. मूळ दुकानात झालं की सगळीकडे झालं."

तिने विचारलं, "खरं?"

"मी तुला खोटं सांगेन का?"

अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर खोटं सांगेल, हे तिच्या मनातही आलं नाही. ती रोज येऊ लागली. वेशीजवळ माणसांची रीघ लागे. तिच्यामुळे रेकॉर्ड खपत, आणि खपलेल्या प्रत्येक रेकॉर्डचं ओझं ती मानेवर घेऊन बसे. गिऱ्हाईक बाहेर पडलं की विचारी, "ही कुठी चालली भाऊ? कोन्या गावाले?" आणि गावाचं नाव घोकत देवीला पार करी. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. कापसाची धूळ, दिवसातून आठ-आठ वेळा तेच गाणं. आवाज आधी फाटला, मग बारीक झाला. गिरधरच्या हे लक्षात येत नव्हतं असं नाही. तो तिच्यासाठी खडीसाखर ठेवी.

पौषात साहेब गिरधरच्या बदलीचा कागद घेऊन आले. त्यांच्यासमोर मोठा जमाव हवा म्हणून गिरधरने सकाळपासून दवंडी पिटवली होती. वामनशेटने रेकॉर्ड लावली, उलटली. कानबाई काठाशी आली. तिने नावाड्याला हाक मारली. वामनशेटने सुई उचलली.

धुरपदाबाईने हात जोडले, तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने गिळून पाहिलं, पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा. जमावात कुणीतरी खाकरलं. मग तिने गिरधरचा कोट धरला आणि त्याच्या तोंडाकडे बोट दाखवलं. तू म्हण.

गिरधरने तोंड उघडलं. लहानपणी प्रत्येक श्रावणात तो तिच्या मांडीवर बसून हे गाणं ऐकत आला होता. गेल्या तीन महिन्यांत तर शेकडो वेळा ते त्याच्या कानावरून गेलं होतं. त्याला रेकॉर्डचा नंबर पाठ होता. जाहिरातीची ओळ पाठ होती. कोणत्या गावात किती प्रती गेल्या तेही पाठ होतं. पण कानबाईने हाक मारल्यावर नावाडी काय म्हणतो, ते त्याला ठाऊक नव्हतं. ती गायला लागली की तो गिऱ्हाईकं मोजत असे. त्याने वामनशेटकडे पाहिलं, जमलेल्या बायांकडे पाहिलं. बायांनी माना खाली घातल्या. आता मशीन आहे म्हटल्यावर ते पाठ ठेवण्याची गरज कुणाला पडली होती?

"अरे, दुसरी बाजू लाव," साहेब म्हणाले. "लोग जा रहे हैं."

रेकॉर्ड उलटली आणि कानबाई पुन्हा पहिल्यापासून घरून निघाली. धुरपदाबाईने कोट सोडला.

तिचा आवाज परत आला नाही. मुंबईच्या कचेरीतून पुढच्या श्रावणात गिरधर रजा काढून घरी आला. त्याच्या आईने, मालूबाईने, कानबाई मांडली होती. मशीन लागलं. बाया रेकॉर्डबरोबर म्हणत गेल्या, काठापर्यंत आल्या, हाक मारली, आणि सुई थांबली तशा थांबल्या. कुणी चुळबुळसुद्धा केली नाही.

"झालं पूरं," मालूबाई म्हणाली आणि आरतीचं ताट उचललं.

भिंतीशी बसलेली धुरपदाबाई उठली. तिने नैवेद्याच्या रोटाचा एक तुकडा मोडला, केळीच्या पानात बांधला आणि दाराकडे निघाली. कानबाईचा रोट घराबाहेर जात नाही, भाऊबंदांतच संपवावा लागतो. लहान पोरांनाही हे ठाऊक असतं आणि त्या घरात हे सगळ्यांना शिकवलं होतं तिनेच.

"धुरपदाबाई, रोट कुठी चालवला?" मालूबाई ओरडली. "येडी झाली का वं? बाहेर नेत नही तो."

धुरपदाबाईने वळून गिरधरकडे पाहिलं आणि हाताने नदीची दिशा दाखवली. मग ती उंबरा ओलांडून तापीकडच्या उताराला लागली. जिच्यासाठी रोट केला होता ती काठावरच उभी होती, आणि घरात कुणालाच तिची भूक नव्हती.

"काय म्हनली रे ते?" मालूबाईने विचारलं.

"काही नाही," गिरधर म्हणाला. त्याच्यापुढे पान मांडलं गेलं, आणि तो जेवला.