पन्नास मोजेपर्यंत

उषाबाईंचा कान पिकला होता, तेव्हा कानातले काढून ठेवा, असं मीच सांगितलं होतं. या प्रकरणात माझा हात एवढ्यावरच थांबला असता तर बरं झालं असतं.

मी तेव्हा दिघोरीच्या पलीकडे एका गावात आरोग्य उपकेंद्राची सिस्टर होते. जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये वाढलेली, नर्सिंगच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत पास झालेली आणि माणसाचं शरीर आपल्याला कळतं अशी पक्की समजूत असलेली. उषाबाई म्हणजे यादोरावांची बायको. गावात सगळ्यात जास्त धान त्यांचं. श्रावणात त्यांच्याकडे रोवणी, म्हणजे धानाची लावणी, चालू होती. उषाबाईंनी सोन्याचे कानातले रुमालाच्या गाठीत बांधले, रुमाल डब्याच्या पिशवीत टाकला आणि पिशवी शेताच्या कडेच्या धुऱ्यावरच्या पळसाला अडकवली. दुपारी बाया पळसाखाली जेवल्या आणि पुन्हा चिखलात उतरल्या. संध्याकाळी पिशवीत डबा होता, रुमाल नव्हता.

रोवणीला पाच बाया होत्या. त्यांची म्होरकी मंगलाबाई, पन्नाशीची. वीस वर्षं ती स्वतःची टोळी घेऊन आसपासच्या गावांत रोवणीला जायची. तिने दिलेल्या दिवशी बाया हजर म्हणजे हजर. लोक तिच्या भरवशावर घर उघडं टाकून शेतावर जात. नवरा गेल्यापासून तिच्याकडे शेत नव्हतं, होता तो हा भरवसा, आणि त्यावरच तिचं पोट चालायचं. पळसाखाली ती पिशवीच्या अगदी जवळ बसली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

यादोराव पोलिसांत गेले नाहीत.

"माहे बाबा तांदूळ चावाले देत," ते म्हणाले. "चोराच्या तोंडात थुका राह्यतच नाही."

पद्धत सोपी होती. प्रत्येकीने मूठभर कच्चे तांदूळ तोंडात घ्यायचे, पन्नास मोजेपर्यंत चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. ओले निघाले तर ती साफ. कोरडं पीठ निघालं तर चोर.

आता यात थोडं तथ्य आहे, हीच तर पंचाईत. माणूस घाबरला की तोंडाला कोरड पडते. छाती धडधडते, हात कापतात, तळव्यांना घाम सुटतो. शरीर पळायच्या तयारीला लागतं, तेव्हा जेवणखाण मागे पडतं आणि लाळ आटते. पण घाबरलो एवढंच शरीर सांगतं, कशाला घाबरलो ते सांगत नाही. चोर पकडलं जाण्याला घाबरतो, आणि ज्याने काही केलं नाही तो चोर ठरवलं जाण्याला घाबरतो. मी हे सगळं यादोरावांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बराबर हाय, बाई," ते म्हणाले. "म्हनूनच तुमाले बलावलं. तुमी सरकारी मानूस. पानं तुमीच पाह्यजा."

मी नाही म्हणायला हवं होतं. गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादोरावांच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. कामधंदे सोडून लोक थुंकी पाहायला आले होते. पाचही बाया ओळीने बसल्या होत्या. मंगलाबाईचे हात इतके कापत होते की मुठीतले तांदूळ खाली सांडत होते. ओठ मिटलेले, मान ताठ, श्वास जोराचा. मी तिची लक्षणं एकेक करून पाहिली आणि निदान करून टाकलं: भीती. हिचे तांदूळ कोरडेच पडणार. शिवाय ती आमच्याच समाजाची. अशा अंगणात आपल्या माणसाची कशी बोबडी वळते, याच्या गोष्टी मी वडिलांकडून लहानपणापासून ऐकल्या होत्या. मला तिची फार दया आली.

यादोराव मोठ्याने अंक मोजू लागले. अंगणात लिंबाचं झाड होतं, पिवळ्या लिंबांनी लगडलेलं.

"मला चक्कर येतेय," मी म्हणाले. "एक लिंबू कापून द्या, मीठ लावून."

त्यांची सून उर्वशी धावत जाऊन घेऊन आली. मी त्या पाच बायांच्या समोर उभी राहिले आणि लिंबू चोखलं. सावकाश, डोळे बारीक करून, चांगला आवाज करत. मग दुसरी फोड घेतली. आंबट समोर दिसलं की तोंडाला पाणी सुटतं, तेही कोणाच्या हातात नसतं. बायांचे गाल हलायला लागले. भिंतीपाशी बसलेल्या पुरुषांनी आवंढे गिळले. यादोरावांचा बत्तीसच्या पुढे अंक चुकला, त्यांनी थुंकी गिळली आणि पुन्हा तिसापासून सुरुवात केली.

पाचही पानांवर तांदूळ ओलेचिंब पडले.

"सगळ्या साफ," मी जाहीर केलं. लोक हिरमुसून घरी गेले. त्या दिवशी मी स्वतःवर इतकी खूश होते की महिन्याच्या मीटिंगमध्ये सगळ्या सिस्टरांना हा किस्सा रंगवून सांगितला. पोट धरून हसलो आम्ही.

त्यानंतर आठवड्याभराने मंगलाबाई उपकेंद्रात आली. दुपारची वेळ होती, दुसरं कोणी नव्हतं. मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"बाई, तुमी थो लिंबू काहून खाल्ला?"

मी हसले. "तुमच्यासाठीच, मंगलाबाई. तुम्ही घाबरल्या होत्या ना. हात किती कापत होते तुमचे!"

"मी भेली नोहती," ती म्हणाली. "मले राग आलता. वीस वर्सं ज्याच्या बांधीत वाकली, थो मले तांदूळ चावाले लावून राहिला. रागानं कापत होते हात. तोंडात पानी होतं माह्या."

रागाने आणि भीतीने हात सारखेच कापतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तिच्याकडे पाहताना ते मला आठवलंसुद्धा नव्हतं.

"आता समदे म्हनतात, सिस्टरनं मंगलीले वाचवलं," ती म्हणाली. "सिस्टर तिच्या समाजाची, तिले ठाऊक असन, म्हनून वाचवलं. दोन बाया सोडून गेल्या मले. एकोडी गावच्या शेतवाल्यानं रोवणीले येऊ नोको म्हनून निरोप धाडला. माहे तांदूळ ओलेच पडले असते, बाई. समद्याइच्या समोर पडले असते. तुमी पडू नाही देल्ले."

तिने पदराची गाठ सोडली. गाठीत तांदूळ होते.

"मोजा," ती म्हणाली.

"मंगलाबाई, याची काही गरज नाही. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"तवा नोहता. मोजा."

तिने तांदूळ तोंडात टाकले आणि माझ्याकडे पाहत चावू लागली. तिचे हात अजिबात कापत नव्हते. मी मोजायला लागले. दहापर्यंत ठीक होतं. विसाच्या पुढे जीभ टाळूला चिकटू लागली. तिसाला आवाज चिरकला, चाळिसाच्या पुढे नुसते ओठ हलत होते. तरी मी पन्नासपर्यंत मोजलं.

तिने टेबलावरचा कापूस ओढून घेतला आणि त्यावर तांदूळ थुंकले. ओले होते. कापसात पाणी पसरत गेलं. तिने तो माझ्या समोर सरकवला.

मग तिने कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"प्या," ती म्हणाली. "तुमचा घसा सुकला."