कोरडं कोर्ट

चांगुणा मुदखेडची. लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा तिला तिथल्या एका कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. कचेरीमागं मुरमाचं टेनिस कोर्ट होतं. निवृत्त खेळशिक्षक मार्तंडराव तिथं सकाळी शिकवायचे. महिनाभर कुंपणाबाहेरून बघून एक दिवस ती आत गेली.

मार्तंडराव सरांनी दिलेली रॅकेट तिनं घट्ट आवळली. सर म्हणाले, "मनगट सोड. विहिरीतून पोहरा नुसत्या हातानं ओढतेस का?"

"न्हाई सर. कमरेतून जोर येतो."

"मग तसंच. पाय रोव, कमर वळव. हात मागून येईल."

ते तिला डोळे मिटून रॅकेट फिरवायला लावायचे. खांदा वळला नाही तर बोटानं हलकेच ढकलायचे. एका सकाळी चेंडू रॅकेटच्या तारांच्या बरोबर मधोमध बसला. हाताला हिसका नाही, काही नाही.

"सर, काही लागलंच न्हाई हाताला!"

"हेच अंगात मुरू दे," सर हसले. औरंगाबादच्या स्पर्धेला तिला न्यायचं त्यांनी ठरवलं.

मग दुष्काळ पडला. कोर्टावर पाणी मारणं कधीच बंद झालं होतं. ते दोघं धुळीतच खेळायचे. एकदा टँकरच्या रांगेतली एक बाई रॅकेट बघून म्हणाली, "तुमच्या खेळाला पाणी हाय, आमच्या घशाला न्हाई!" दुसऱ्या दिवसापासून चांगुणा कोर्टावर गेली नाही. सरांनी दोनदा निरोप पाठवला. ती कामाचं निमित्त सांगत राहिली. स्पर्धा होऊन गेली.

पुढच्या वर्षी कळलं, सरांची उजवी बाजू लुळी पडलीय. ती भेटायला गेली आणि सगळं सांगितलं. सर अडखळत म्हणाले, "मला सांगायचं तरी. कोर्ट सोडून शाळेच्या भिंतीवर चेंडू मारत खेळलो असतो."

मग एका सकाळी त्यांच्या मुलानं त्यांना रिक्षातून कोर्टावर आणलं, खुर्चीत बसवलं. चांगुणा चेंडू मारू लागली. आधी पाय की आधी कमर, हे तिला आठवून करावं लागत होतं, आणि तेवढ्यात चेंडू निघून जायचा. सरांनी तिच्या खांद्याकडं डावा हात पुढं केला, पण तो पोचेना. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. पण वळवण्याइतका जोर त्यात नव्हता.

"राहू द्या सर," ती म्हणाली.

थोड्याच दिवसांत मुलगा त्यांना नांदेडला घेऊन गेला.