चार सह्यांचा तक्ता

आमच्या तंत्रशाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी वर्कशॉप प्रमुख हे पदच काढून टाकलं. प्रमुख मीच होतो. "आता चौघं मिळून सांभाळा," त्या म्हणाल्या. "एकावरच भार नको." मी मान डोलावली, पण आतून नुसता जळत होतो. सव्वीस वर्षं त्या वर्कशॉपच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या.

पूर्वी रोज सकाळी मी एकेक लेथ चालू करायचो आणि लाल बटण दाबून बघायचो. दाबलं की मशीन जागच्या जागी थांबलं पाहिजे. आता भिंतीवर तक्ता लागला. चार रकाने, रोज बटणं तपासून चार सह्या: मी, वेल्डिंगचे सर, सुतारकामाचे सर आणि इलेक्ट्रिकच्या बाई. सगळ्यांत आधी यायचो मी. एके दिवशी मनात म्हटलं, चौघं आहात ना, मग बघा की तुम्हीच! न तपासताच सही ठोकली. कोणी हूं की चूं केलं नाही. पुढे तीच सवय लागली.

गुरुवारी तीन नंबरच्या लेथमध्ये अकरावीतल्या एका मुलीची बाही अडकली. मी धावत जाऊन मेन स्विच पाडेपर्यंत तिची दोन बोटं गेली होती.

दुसऱ्या दिवशी तक्ता मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर आला. वेल्डिंगचे सर म्हणाले, "जबाबदारी चौघांची होती. एकाला कसं धरणार?" ते ऐकून मला बरं वाटलं. आज त्याची लाज वाटते. 'एकाकडेच काम असतं तर हे झालं नसतं' हे वाक्यही माझ्या ओठावर होतं.

तेवढ्यात इलेक्ट्रिकच्या बाईंना रडू फुटलं. "सर, तुमची सही आधीच असायची. तुम्ही बघितलंय म्हटल्यावर आम्ही परत काय बघायचं?"

बाकीचे दोघं खाली बघत होते. मी उठलो आणि तडक दवाखाना गाठला.

मुलगी उशीला टेकून बसली होती, हाताला हे एवढं बँडेज. शेजारी तिचे वडील. मला बघून ती घाईघाईने म्हणाली, "सर, मी बटण दाबलं होतं. दोनदा. पण नीट दाबलं नसेल मी. माझंच चुकलं."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

"तू नीटच दाबलंस, बाळा," मी म्हटलं. "ते बटण बंद पडलं होतं. मी बघितलंच नव्हतं."