खानदानी दमा

"माणसाचं कूळ त्याच्या श्वासावरून ओळखावं!" असे थोरल्यांनी जिन्याच्या पहिल्या वळणावर जाहीर केले. पुढचे वाक्य निघण्याआधीच त्यांनी कठड्याला मिठी मारली आणि त्यांच्या छातीतून अशी शिट्टी निघाली, की वरच्या मजल्यावरच्या बाई गॅस बंद करायला आत धावल्या.

थोरले वीज कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. वडील गेल्यावर त्यांनी तीन गोष्टी आपल्याकडे ठेवून घेतल्या: वडिलांची आरामखुर्ची, वडिलांची काठी आणि वडिलांचा दमा. पहिल्या दोन गोष्टींवर धाकट्या भावाने हक्क सांगितला नाही. तिसरी मात्र त्यालाही झाली, आणि थोरल्यांना ही सरळसरळ भाऊबंदकी वाटली.

"तुझा तो दमा नव्हे," ते धाकट्याला सांगत. "दमा वडिलांना होता, दमा मला आहे. तुझं आपलं नाक गळतं."

धाकटा एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी होता. चाळिशी उलटल्यावर त्याच्या नाकात मांसाचे कोंब वाढले, मग धाप लागू लागली, आणि शेवटी वास येणेच बंद झाले. परवा शेजारच्या शेगडीवर दूध करपून कोळसा झाले, कामगार नाक दाबून बाहेर पळाले, आणि हा तिथेच उभा राहून शांतपणे कांदा चिरत होता. मॅनेजरने त्याला शेवटची मुदत दिली. नाक परत आले नाही, तर त्याला भांडी घासायच्या मोरीवर बसवणार होते. स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या की थोडे दिवस वास येई, पण तोंड सुजून भोपळा होई.

"बाळसं धरलंस की," थोरले म्हणत. "दमेकरी कसा झिजलेला दिसला पाहिजे. वडिलांचा फोटो बघ." हे बोलताना थोरल्यांच्या स्वतःच्या झिजेमुळे सदऱ्याची मधली दोन बटणे कधीच लागत नसत.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना एकाच दिवशी तपासायला बोलावले. आधी रक्त घेतले, मग श्वासावरून आतली सूज मोजणाऱ्या एका यंत्रात फुंकायला लावले. धाकट्याचा आकडा भलताच मोठा आला, थोरल्यांचा अगदी किरकोळ.

"यंत्र स्वस्तातलं दिसतंय," थोरले म्हणाले.

"काका, दमा एकाच जातीचा नसतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जात हा शब्द ऐकताच थोरले खुर्चीत ताठ बसले. "तेच तर मी जन्मभर सांगतोय!"

"तसं नाही हो. शिट्टी सगळ्यांची सारखीच वाजते, पण आतली सूज वेगळी असते. एका प्रकारात इओसिनोफिल नावाच्या पेशी श्वासनळीत गर्दी करतात. कुणाला लहानपणी ॲलर्जीतून होतं, कुणाला उशिरा, नाकातल्या कोंबांबरोबर. त्यांना स्टेरॉइड लागू पडतं. त्यातून भागलं नाही, तर आता एक इंजेक्शन आहे. दुसऱ्या प्रकारात त्या पेशी नसतातच. वजन असतं, जुनी सिगरेट असते. तिथे ते इंजेक्शन म्हणजे नुसतं टोचून घेणं. आम्ही इथे त्या इंजेक्शनचा अभ्यास करतोय, त्यात एकाच रुग्णाची जागा उरलीय. कफात कुठल्या पेशी आहेत ते बघून ठरवू."

एकच जागा! थोरल्यांनी आयुष्यात एकच उरलेली कुठलीही वस्तू दुसऱ्याला घेऊ दिली नव्हती.

कफ काढायची पद्धत सोपी होती. चूळ भरायची, मिठाच्या पाण्याची वाफ ओढायची, खोकायचे आणि कपात थुंकायचे. दोघांच्या मध्ये एक पडदा. धाकट्याने आपला कप नर्सबाईंच्या हाती दिला आणि घसा खारट झाला म्हणून खिशातली जांभळी गोळी तोंडात टाकली. पलीकडे थोरले वाफ ओढत होते, खोकत होते, आणि कप कोरडाच होता. जन्मभर हाताखालच्यांना झाडणाऱ्या माणसाला स्वतःहून थुंकणे जमेना.

पडदा सरकला.

"ए," थोरले कुजबुजले. "जरा ह्याच्यात थुंक."

"दादा, काहीतरीच काय!"

"अरे, एकाच बापाचे आपण. माझं काय नि तुझं काय! मला कुठे ते इंजेक्शन हवंय? नर्सबाईंसमोर शोभा नको, एवढंच. तुझ्याकडे तर ढिगानं आहे."

धाकट्याने लहानपणी सायकल दिली होती, पुढे मागची खोली दिली होती. कपाकडे बघून त्याने सुस्कारा सोडला, तोही अर्धाच सुटला. मग त्याने खोकून कप भरला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत घेतले.

"दोघांच्याही कफात इओसिनोफिल खच्चून भरलेत."

थोरले उभे राहिले. "मग ठरलं. मोठ्याचा मान आधी. टोचा."

धाकट्याने मान वर केली. "दादा, तू तर म्हणालास, तुला नको."

"तेव्हा मला माझी योग्यता कळली नव्हती. आणि तुला कशाला हवंय रे? भांडी घासायला नाक लागत नाही!"

धाकट्याचे सुजलेले तोंड लाल झाले. डॉक्टरीणबाई मात्र कागदावर पेन आपटत होत्या. "एक घोळ आहे. काका, तुमचा फुंकण्याचा आकडा कमी, रक्तातही त्या पेशी जेमतेमच. आणि तुमचा नमुना जांभळा आहे. खोकल्याची गोळी चघळत होतात का?"

"मी?" थोरल्यांनी असे तोंड केले की जणू कुणी त्यांना उष्टे वाढले. "असल्या पोराटोरांच्या गोळ्या मी तोंडात धरत नाही. ह्याला विचारा, ह्याच्या गालात दिवसभर कोंबलेली असते!"

आपण काय बोलून बसलो हे थोरल्यांच्या हळूहळू लक्षात आले.

"जीभ दाखवा," डॉक्टरीणबाई धाकट्याला म्हणाल्या. त्याने दाखवली. ती शाईच्या दौतीत बुडवल्यासारखी होती.

या वेळी नर्सबाई कप धरून थोरल्यांच्या समोरच बसल्या. अधीक्षकसाहेब खोकले, रडकुंडीला आले, आणि अखेर थुंकले. त्या कफात इओसिनोफिल औषधालाही नव्हते.

"तुमचा दमा दुसऱ्या प्रकारचा, काका. वजन उतरवा, रोज चाला, पंपाचं औषध बदलून देते. इंजेक्शन तुमच्या भावाला." मग त्यांनी सहज विचारले, "वडिलांचा कसा होता?"

"त्यांच्याही नाकात कोंब होते," धाकटा म्हणाला. "शेवटी शेवटी त्यांना कशाचाच वास येत नसे."

"म्हणजे बहुधा तुमच्यासारखाच," त्या धाकट्याला म्हणाल्या.

थोरल्यांच्या हातातली वडिलांची काठी एकदम परक्याची असल्यासारखी दिसू लागली.

धाकट्याला पहिले इंजेक्शन दंडात टोचले तेव्हा थोरले दाराशी पाठ करून उभे होते. जिना उतरताना ते धाकट्याच्या मागेच राहिले. तळाशी पोचल्यावर कठडा धरून उभे राहिले, घसा दोनदा खाकरला आणि भिंतीकडे बघत म्हणाले,

"घसा फार खारट झालाय रे. ती जांभळी गोळी आहे का अजून एखादी?"