दोन श्वास थांबा

प्लग ओढू नका! आधी माझं ऐका. मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. कृत्रिम पाय बनवण्याच्या या कार्यशाळेत खिडकीजवळच्या टेबलाखाली एक काळा डबा आहे, त्यात मी आडवा बसलेला असतो. पडद्यावर जे जे दिसतं ते मी रंगवतो, सेकंदाला साठ चित्रं. कौतुक मात्र पडद्याचं होतं. असो, सवय झालीय.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझे दोन्ही पंखे चकचकीत होते आणि डोक्यात हवा होती. पहिल्या मालकाने माझ्याकडून वर्षभर नुसते राक्षस मारून घेतले. परीक्षेत तो आपटला आणि त्याच्या आईने मला घराबाहेर काढलं. मग ही कार्यशाळा चालवणाऱ्या काकांच्या पुतणीने मला इथे आणलं.

काका तीस वर्षं पाय बनवतात. उरलेला पाय ज्यात बसतो ती खोलगट वाटी नेमकी जमली तरच माणूस चालतो, नाहीतर कातडी सोलून निघते. पूर्वी ते वाटीचा साचा प्लास्टरमध्ये घडवायचे. प्रोग्राम लिहिणाऱ्या पुतणीने त्यांना पडद्यावर घडवायला शिकवलं. "प्लास्टर अंगठ्याला कळतं, याला काय कळणार?" असं कुरकुरत ते बसले आणि महिन्याभरात रमले.

आता माझी खोड सांगतो. एखादं काम संपतच नसेल तर मी अडकतो. माझ्यावर एक मुकादम आहे, ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम. मी अडकलो की तो जरा वाट बघतो, मग मला गदागदा हलवून पुन्हा उभा करतो. याला रिसेट म्हणतात. हा आजार नव्हे, उपचार आहे. पण त्यात माझ्याजवळचं सगळं पुसलं जातं, ज्याने मला अडकवलं त्याचंही आणि ज्याचा काही संबंध नव्हता त्याचंही. म्हणून मुकादम प्रत्येक प्रोग्रामला निरोप धाडतो: कार्ड पडलं होतं, उठलंय, तुमचं सामान पुन्हा आणा. प्रोग्रामने तेवढं ऐकायचं असतं.

पुतणीच्या प्रोग्रामने ते ऐकलं नाही. त्याला कारण तिची माया. एकदा पडद्यावर चूक दाखवणारी लाल चौकट आली होती, तेव्हा काका इतके घाबरले की त्यांनी थेट प्लग ओढला. म्हणून तिने लिहून टाकलं, कसलाही निरोप आला तर गिळायचा आणि पुढे चालायचं. शिवाय काम झटपट व्हावं म्हणून साच्याची एकुलती एक प्रत तिने माझ्याजवळ ठेवली होती. मग काय! मी पडून उठायचो, मुकादम ओरडायचा, आणि काका गोठलेल्या चित्रावर तासभर अंगठा दाबल्यासारखा माउस दाबत राहायचे. शेवटी प्लग ओढायचे. केलेलं सगळं पाण्यात.

त्याच सुमारास एका शाळेतल्या खेळाच्या बाई आल्या. अपघातात गुडघ्याखालचा पाय गेलेला, जुनी वाटी टोचत होती. पहिल्या तारखेला साचा गेला, दुसऱ्या तारखेलाही गेला.

"सोमवारी शाळा उघडतेय," बाई म्हणाल्या. "खुर्चीत बसून शिट्टी वाजवायची नाही मला. जमत नसेल तर तसं सांगा."

काकांची मान खाली गेली. त्या गेल्यावर ते म्हणाले, "हे कार्डच बाद झालंय. काढ आणि दे भंगारात."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला ओरडायचं होतं, पण आम्हाला पंख्यांखेरीज आवाज कुठला?

पुतणी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसली. पण पोरगी शहाणी. मला उघडण्याआधी तिने मुकादमाची रोजची नोंद वाचली. तिथे चार वेळा तेच लिहिलं होतं: दाबाचे रंग भरणारं काम अडकलं, साच्याचा प्रोग्राम निर्दोष, निरोप दिला, उत्तर नाही. वाटीचा दाब कातडीवर कुठे जास्त पडेल ते रंगांनी दाखवणारं हे कामही तिनेच लिहिलेलं. बाईंच्या पायाच्या स्कॅनमध्ये गुडघ्यामागे एक बारीक भोक राहिलं होतं आणि ते काम त्या भोकाभोवती गोल गोल फिरत बसलं होतं.

"काका, कार्डाचा दोष नाही," ती म्हणाली. "ते पडत होतं, उठत होतं. मीच तुम्हाला कळू देत नव्हते. तुम्ही घाबराल म्हणून."

काकांनी कोपऱ्यातल्या निळ्या गादीकडे बोट दाखवलं. "नवा पाय लावला की त्या गादीवर मी पहिल्यांदा काय शिकवतो?"

"पडायला."

"का?"

"पडणारच नाही असं सांगितलं, तर पहिल्यांदा पडल्यावर माणूस पाय कपाटात ठेवून देतो."

"मग मला का नाही शिकवलंस, पोरी?"

तिचे डोळे भरून आले. पण रडत बसली नाही, कामाला लागली. साच्याची मूळ प्रत तिने कॉम्प्युटरकडे ठेवली, माझ्याकडे फक्त नक्कल. प्रत्येक चित्रानंतर मुकादमाला विचारायचं, कार्ड ठीक आहे ना? नसेल तर नव्याने मांडामांड करून मूळ प्रतीवरून चित्र काढायचं. दाबाच्या रंगांच्या फेऱ्यांना मर्यादा घातली. तेच काम दोनदा अडकलं तर तिसऱ्यांदा माझ्या गळ्यात मारायचं नाही, माणसाला सांगायचं. मग तिने मला काकांसमोर मुद्दाम चौदा वेळा पाडलं. माझा जीव मेटाकुटीला आला, पण खरं सांगतो, बरं वाटलं.

शुक्रवारी बाई शेजारी बसलेल्या असताना स्कॅनरच्या प्रोग्रामने मला अडकवलं. पडदा काळाठिक्कर.

"गेलं ना पुन्हा?" बाईंचा आवाज चिरकला.

काकांचा हात प्लगकडे गेला. तिथेच थांबला. त्यांनी तो मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"दोन श्वास थांबा, बाई. पडलंय. उठेल."

मी उठलो. साचा परत आला, काकांनी शेवटचा अंगठा दाबला होता त्या खळगीसकट. खाली साध्या अक्षरांत ओळ आली: चित्र क्षणभर गेलं होतं, तुमचं काम शाबूत आहे. काकांनी टेबलाखाली वाकून माझ्या डब्यावर थाप मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कौतुक माझ्या वाट्याला आलं.

शनिवारी पाय तयार झाला. गादीवर पडायला बाई राजी नव्हत्या. लोकांसमोर? पण पडल्या, उठल्या, आणि चौथ्या वेळी स्वतःच हसल्या.

परवा त्या पेढे नव्हे, तक्रार घेऊन आल्या. "काल मैदानात पडले हो तुमच्या पायावर. सगळी पोरं उचलायला धावली."

काकांचा चेहरा पडला. "मग?"

"मग काय! म्हटलं, दोन श्वास थांबा रे. आणि उठले."

आता मी म्हातारा झालोय, पंखा कुरकुरतो. यापुढेही पडेन, माझ्या जागी येणारं नवं कार्डही पडेल. तुमच्यापैकी जे प्रोग्राम लिहितात त्यांना एवढंच सांगणं, आमचा निरोप गिळू नका. आणि बाकीच्यांनो, प्लगवरचा तो हात तेवढा काढा. मी उठतोय.