लगदोबाचं बिऱ्हाड

“माझा एप्रन बाकीच्या कपड्यांत टाकू नकोस हं. वेगळा धू. खळ सुटते, मग सगळंच चिकट होतं.”

लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ह्यांनी हे सांगितलं आणि मी ते जन्मभर पाळलं. हे पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या आधी त्यांचा वास जिना चढून यायचा. खळ, पुठ्ठा, नवं कापड. दर सुट्टीला मी त्यांचा एप्रन वेगळ्या बादलीत भिजवायची. निवृत्त झाल्यावर शेवटचा म्हणून भिजवायला घेतला, तर त्यावर बोका येऊन बसलेला.

“राहू दे,” हे म्हणाले. “माझी नोकरी संपली, आता त्याची सुरू.”

बोक्याचं नावही ह्यांनीच ठेवलेलं. रंग राखाडी, आणि बसला की भिजलेल्या कागदाच्या लगद्यासारखा चहूबाजूंनी पसरायचा, म्हणून लगदोबा. हे जाऊन दोन वर्षं झाली. लगदोबा सतरा वर्षांचा झाला, डोळ्यांत ढग उतरले, पण एप्रनची घडी त्याने सोडली नाही. दुपारी मी पोथी वाचत बसायची आणि तो त्या घडीवर घोरायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत आम्हा दोघांचं काही अडत नव्हतं. अडलं ते माझ्या गुडघ्यांचं. जिना उतरायला पाऊण तास लागायला लागला, तेव्हा मुलगा म्हणाला, “आता पुरे. लगदोबाला घे आणि इकडे ये.”

मुलगा-सुनेच्या नीटनेटक्या घरात आपण आपली जुनी धूळ घेऊन जायचं, हे काही मला पटेना. म्हणून आठवडाभर मी धुणंच काढलं. पडदे, पांघरुणं, देवाची वस्त्रं, पायपुसणी, काही म्हणून सोडलं नाही. शेवटच्या दिवशी एप्रन घेतला. अर्थातच वेगळ्या बादलीत. तीन वेळा गरम पाणी घातलं, साबण लावला, ब्रश मारला. ह्यांचे शब्द आठवत होते आणि आपण ते अजून पाळतोय याचं मनातून बरंही वाटत होतं. लगदोबा न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, कौतुकाने पाहतोय.

टॅक्सीत तो टोपलीतून सारखा ओरडत होता. टॅक्सीवाला म्हणाला, “असू द्या आजी, माझी सासूपण गाडीत बसली की असंच करते.”

मुलाच्या तळमजल्यावरच्या घरी पोचल्यावर मी खिडकीखाली एप्रन अंथरला आणि टोपली उघडली. लगदोबा भिंतीला अंग घासत, वाट चाचपत आला. एप्रनला नाक लावलं. पुन्हा लावलं. मग परक्या माणसाच्या पायावर चुकून पाय पडावा तसा मागे सरला आणि कपडे धुवायच्या मशीनमागे जाऊन बसला. तिथून हलेना. दुधाला तोंड लावेना की माशाला.

आता माझा एक नेम आहे. सकाळी दिवा आणि जप झाल्याशिवाय मी बोलत नाही, आणि घरातल्या मुक्या जीवाने खाल्ल्याशिवाय माझ्या तोंडात घास घालत नाही. आजवर या नेमाचं ओझं कधी झालं नव्हतं, कारण लगदोबा माझ्याआधी उठून ताटलीपाशी हजर असायचा. पहिला दिवस मी पाण्यावर काढला. दुसऱ्या दिवशी मुलाच्या लक्षात आलं.

“म्हणजे बोक्याने संप केला आणि आईने पाठिंबा दिला?”

“हसू नकोस रे.”

“हसतोय कुठे? तुझं वय काय, चाललंय काय!”

सून रुग्णालयात एक्स-रे काढते. ती कामावरून आली, पर्स ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसली. “आई, देवाला सांगून दोन दिवसांची रजा घ्या की. तो काय हजेरी मांडतोय?”

“तो नाही मांडत गं. मी मांडते.”

ती उठली. मग मशीनमागे हात घालून लगदोबाला म्हणाली, “ऐकलंस का म्हाताऱ्या? तुझ्यापायी माझी सासू वाळायला लागली. लोक मला बोलतील.”

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनेच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी लगदोबाचं पोट दाबून पाहिलं, हिरड्या पाहिल्या. “आजार असा काही नाही. पण या वयात मांजर उपाशी राहिलं की यकृत निकामी व्हायला लागतं. उद्यापर्यंत स्वतःहून खायला हवं. नाहीतर नळी घालावी लागेल, आणि नळी हा सोसेल असं मला वाटत नाही. जागा बदलली ना? मग त्याच्या ओळखीच्या वासाचं काहीतरी जवळ ठेवा. न धुतलेलं.”

मी मान खाली घातली. सुनेने एकदा माझ्याकडे आणि एकदा खिडकीखालच्या पांढऱ्याशुभ्र एप्रनकडे पाहिलं.

“काहीच नाही उरलं?”

“मी सगळं धुतलं गं,” मी म्हणाले. “स्वच्छ केलं सगळं.”

रडू आवरलं, पण घरात थांबवेना. मग सुचलं की कारखान्यातून थोडी खळ आणावी. निदान तो वास तरी येईल. सून म्हणाली, मी येते. मी म्हटलं, तू याच्याजवळ बस. आणि बस पकडली.

कारखाना होता तसाच होता. दारात कागदाची कात्रणं, आत दाबयंत्राची कुरकुर. ह्यांच्या टेबलासमोर टाकेबाई बसलेल्या. पुस्तकाच्या पानांचे जुडगे दोऱ्याने शिवायचे, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं त्या आणि हे एकाच भांड्यातली खळ वापरत होते. मला पाहून त्यांनी सुई तोंडातून काढली.

“वहिनी! बसा. पाणी? चहा?”

“काही नको. थोडी खळ हवी होती,” असं म्हणून मी कारण सांगायला लागले, आणि बोलता बोलता माझी नजर त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीकडे गेली. ह्यांचा दुसरा एप्रन. निवृत्तीनंतरही हे आठवड्यातून एखादी चक्कर मारायचे, तेव्हासाठी ठेवलेला. खिशाच्या कडेला खळीचा पिवळा पट्टा, छातीवर बोटं पुसल्याच्या खुणा. दोन वर्षं त्याला पाणी लागलं नव्हतं.

टाकेबाईंनी माझी नजर ओळखली. बराच वेळ दोऱ्याला मेण लावत राहिल्या.

“इथल्या पोरी हसतात मला,” त्या म्हणाल्या. “पण खुंटी रिकामी दिसली की माझे टाके वाकडे पडतात. एकदा झाडलोटीला काढला होता, तर अख्खा गठ्ठा उसवावा लागला.”

“मग राहू दे,” मी म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले.

“राहू दे कशाला? जीव मोठा की टाके?” त्या उठल्या, एप्रन काढला आणि कागदात गुंडाळला. “पण वहिनी, त्याचं काम झालं की परत आणून द्यायचा. आणि धुवायचा नाही. शब्द द्या.”

मी दिला.

घरी आल्यावर मशीनजवळ तो अंथरला. आधी नुसतं नाक बाहेर आलं. मग मिशा. मग लगदोबा अख्खा बाहेर आला, खिशापाशी तोंड खुपसलं, पुढच्या पायांनी कापड तुडवत राहिला आणि हळूहळू पसरला. सुनेने ताटली पुढे सरकवली. तो चाटायला लागला, तेव्हा मुलगा पोळीचा तुकडा हातात घेऊन उभाच होता. “संप मिटला. आता पाठिंबा काढून घे बाई,” म्हणाला आणि तो तुकडा मला भरवला.

पंधरा दिवसांत लगदोबाने घराची वाट शिकून घेतली. मग सुनेच्या कामावरच्या स्वेटरवर जाऊन झोपायला लागला. ती ओरडते, पण स्वेटर उचलत नाही. एप्रनकडे तो आता फिरकतही नाही.

फिरकते ती मी. पोथी मिटली की एप्रन मांडीवर घ्यायचा, घडी उलगडायची, खिशाशी नाक न्यायचं. ह्यांची जिन्यातली पावलं ऐकू यायची. परत द्यायला आज नको, पाय दुखतोय. उद्या नको, ऊन आहे. असं करत महिना गेला. सुनेने एकदा दारातून पाहिलं आणि परत गेली. लगदोबाच्या नावावर आणलेली वस्तू मी माझ्या नावावर करून घेत होते, हे मला कळत होतं. टाकेबाईंनी एकदाही विचारलं नाही, त्यानेच जास्त लागलं. किती गठ्ठे उसवले असतील बिचारीने.

आज दिवा झाला, जप झाला. लगदोबाने खाल्लं, मग मी खाल्लं. एप्रनवरचे राखाडी केस वेचायला बसले, आणि थांबले. न धुता म्हणजे आहे तसाच. कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. मुलगा आणि सून अजून झोपलेले होते. दार हळूच ओढून घेतलं आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागले.