चावी पंगतीत

रबरी हत्तीचा एक कान चावलेला होता. चावीच्या कडीत अडकवलेला, आगपेटीएवढा निळा हत्ती, आणि कानाच्या कडेला बारीक बारीक खड्डे, दुधाच्या दातांचे. मिनलने अंगठा त्यांच्यावरून फिरवला आणि चावी फळीवरच्या खिळ्याला लावून टाकली. कुणाचं तरी पोर. बरोबर घेऊन आलेत लग्नाला. आत्ता आईच्या कडेवर असेल, केसांत अक्षता अडकल्या असतील, आई एकेक वेचून काढत असेल... आणि तिची स्वतःची लेक, मैत्री –

नको. आत्ता नको.

तळवड्याच्या रस्त्यावरच्या या लॉन्समध्ये मुहूर्ताच्या दिवशी ती पाहुण्यांच्या गाड्या लावायचं काम करायची. पाहुणा कमानीपाशी उतरणार, चावी देऊन टोकन घेणार. मग त्याची गाडी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन लावायची आणि तो निघाला की आणून द्यायची. मुहूर्त नसेल तेव्हा एम.ए.चा अभ्यास, मानसशास्त्राचा, बाहेरून. फी याच कामातून निघायची. सासूबाई होत्या तोवर सगळं कसंबसं बसत होतं. पण त्या लातूरला थोरल्या जाऊबाईंच्या बाळंतपणाला गेल्या, नवऱ्याची, बुद्धरत्नची, चाकणच्या कंपनीतली शिफ्ट आणि वर ओव्हरटाइम, आणि मग उरलं ते पिंपळे गुरवमधलं पाळणाघर.

"हे बघ मिनल," सकाळी पाळणाघराच्या विजयश्रीताई दारातच म्हणाल्या होत्या, मैत्रीची मूठ तिच्या ओढणीतून सोडवता सोडवता, "काल रडून रडून उलटी केली हिने. हिचं बघून बाकीची पण सूर लावतात गं. आजचा दिवस बघू. राहिली तर राहिली, नाही तर मला नाही जमायचं. फोन आला नाही तर समज, राहिली."

म्हणजे आज फोन आला की पाळणाघर संपलं. ते संपलं की हे काम, आणि कामापाठोपाठ परीक्षाही. आणि फोन तर गाड्यांचं सगळं बघणाऱ्या नवनाथभाऊंच्या डब्यात. पाहुण्यांच्या गाडीत बसून कुणीतरी स्वतःचे फोटो काढले तेव्हापासूनचा हा नियम, काम सुरू होण्याआधी सगळ्यांचे फोन जमा.

"माझा वाजला तर हाक माराल ना, भाऊ?"

"ताई, डबाभर फोन हायेत, वर ही सनई. कुणाचा वाजतोय ते काय कळणार मला?" मग तिच्या तोंडाकडे बघून, "बरं, बघत जाईन मधून मधून. तुम्ही काम करा."

तर काम करायचं. आणि खरं सांगायचं तर – हे ती कुणालाच सांगायची नाही – काम तिला आवडायचं. दार लावून घेतलं की बाहेरचा सगळा गलबला मागे राहायचा. प्रत्येक गाडीला वेगळा वास, कुणाच्या अगरबत्तीचा, कुणाच्या ओल्या कुत्र्याचा, आणि त्या परक्या वासात एक-दोन मिनिटं तिचं एकटीचं राज्य. सीट पुढे ओढायची, परत देताना मागे ढकलून ठेवायची; आपल्या जागी मध्ये कुणी बसून गेलं हे मालकाला कळता कामा नये. सुरुवातीला काहीजण विचारायचे, "चालवता येते ना नक्की, ताई?" आणि ती म्हणायची, "नाही, बघते जमतंय का." मग ते हसायचे, जरा घाबरून.

पुस्तकात वियोगावरचं एक प्रकरण होतं. मूल आईच्या जाण्याला भितं, कारण नजरेआड गेलेली आई कुठेतरी असतेच, हे त्याला अजून पटलेलं नसतं. त्या ओळीखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती. आईचं काय होतं, ते पुढचं पान उलटूनही सापडलं नव्हतं. उलटीनंतर पाणी पाजलं असेल का तिला... चमच्याने पाजावं लागतं, पेला ती ढकलून देते, हे सांगायचं राहिलं...

"संभाळून हां पोरी. थोरल्यानं नवी घेतलीया."

धोतर, गुलाबी फेटा, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. म्हातारबाबा गाडी चालूच ठेवून उतरले आणि बरोबरच्या आजींच्या पाठोपाठ कमानीत शिरलेसुद्धा. मागे गाड्यांची रांग, बँड, हॉर्न. ती बसली आणि निघाली. गाडी कसलीशी टिंगटिंग करत होती – पट्ट्यासाठी असेल, तिने पट्टा ओढला – तरी ती टिंगटिंगतच होती. पेला ढकलून देते, आणि मग सांडलं म्हणून स्वतःच रडते... प्लॉटच्या तोंडाशी तेवढी जागा उरली होती. तिथे, आतल्या गाड्यांना आडवी लावली, बटन दाबून बंद केली, आणि चावीसाठी हात पुढे केला.

चावी नव्हतीच.

बटन पुन्हा दाबलं. काही नाही. या गाड्यांचं असं असतं, चावी जवळपास असेल तरच सुरू होतात. एकदा सुरू झाल्या की मालक चावी खिशात घालून गेला तरी मुकाट चालतात, आणि बंद केल्या की मग खिसा शोधत बसा. म्हणून तर नवनाथभाऊंचा पहिला धडा: आधी चावी हातात, मग पाय गाडीत.

"ताई, चावी?"

"मालकाच्या खिशात."

"अन् मालक?"

"आत गेले. जेवायला बसले असतील."

नवनाथभाऊंनी कपाळाला हात लावला. "गाडी दारात अन् चावी पंगतीत."

मागे एक जण येऊन उभा राहिला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. अक्षता पडल्या की अर्धं जेवून सेकंड शिफ्टला पळणाऱ्यांपैकी. "बस चुकायला नको म्हणून गाडी आणली राव, तर गाडीच कोंडून ठेवली तुम्ही."

ती आत पळाली, आणि मांडवाच्या दारातच थबकली. गुलाबी फेटे. सगळ्यांनाच. वधूकडच्यांनी आधीच वाटलेले, टेबलामागून टेबल गुलाबी, आणि त्यांच्याखाली तोंडं सारखीच, घास घेणारी. चेहरा आठवेना. आठवत होते ते बूट. मग ती वाकली, टेबलक्लॉथ उचलून पंगतीखाली बघत निघाली – कोल्हापुरी, काळे बूट, सँडल, जोडव्यांचे अनवाणी पाय, एका काकांचं "अहो, काय सांडलं का तुमचं?" – आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला पांढरा कॅनव्हास.

"बाबा, गाडीची चावी?"

"हाय की." त्यांनी बंडीचा खिसा थोपटला. "तू मागितलीच न्हाईस. मला वाटलं, आता बटनावर चालत्यात, चावी कशाला लागतीया."

"यांना घरातली एक चावी कुणी देत न्हाई," शेजारच्या आजी म्हणाल्या, "एक मिळाली ती धरून बसलेत. तोंड किती वाळलंय गं तुझं. जिलबी घे."

"आजी, गाड्या अडकल्यात –"

"मग पळता पळता खा."

एका हातात चावी, तोंडात जिलबी, ती धावत सुटली. पाक हनुवटीवर. गाडी एका दमात सुरू झाली, तिने ती इंचाइंचाने मागे घेऊन भिंतीला चिकटवली, ओळखपत्रवाला "सुटलो बाबा" म्हणत निघून गेला, मागच्या गाड्या मोकळ्या झाल्या. मनगटाने तोंड पुसत ती फळीपाशी आली.

"ताई, पंगतीत मालक शोधणारा पहिला माणूस तुम्ही," नवनाथभाऊ म्हणाले आणि डब्यातून तिचा फोन काढून पुढे केला. "घ्या. बघत होतो मधून मधून. काही आलेलं न्हाई."

कुणाचा? – असं ती विचारणार होती. ओठांवर आलंसुद्धा. आणि मग आतून एकदम रितं झाल्यासारखं वाटलं, कारण या सगळ्या वेळात, त्या पायांच्या रांगांतून, जिलबी खाताना, मागे वळून गाडी काढताना, मैत्री तिच्या डोक्यात नव्हती. कुठेच नव्हती. आता अपराधी वाटेल म्हणून ती वाट बघत उभी राहिली, पावसात भिजल्यावर शिंकेची बघावी तशी. ते येईना. आलं ते दुसरंच... फोन नाही, म्हणजे तिकडे तिलाही मी आठवत नाहीये. कुणाच्या तरी हातातला ठोकळा ओढत असेल, किंवा तोंड उघडं टाकून झोपली असेल. थोडा वेळ आम्ही दोघी एकमेकींना विसरून आपापल्या जागी होतो, एकाच वेळी. हे बोचलं, पण सलण्याइतकं नाही. नवीन चपलेसारखं.

संध्याकाळ अजून जायची होती. विजयश्रीताई काय म्हणतील ते दारात गेल्यावरच. अंगठा त्यांच्या नंबरावर येऊन थांबला. फक्त विचारायचं, कशी आहे... पण त्या लगेच फोन तिच्या कानाला लावतील, 'बोल, बोल आईशी' म्हणतील, आणि माझा आवाज ऐकला की तिला मी आठवेन.

मिनलने फोन डब्यात परत ठेवला. असू दे तिला अजून थोडा वेळ, माझ्याशिवाय. मनातल्या मनात तो शब्द तिने पुन्हा एकदा म्हणून पाहिला, माझ्याशिवाय, आणि तो जड गेला नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं.